कामाच्या ठिकाणची सुरक्षितता शिकविणारे कोण असतात?

गतवर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाचे वाचन चालू असताना एका ज्येष्ठ देणगीदारांनी एक प्रश्न उपस्थित केला. खर्चाच्या बाजूस 'सुरक्षा व आरोग्य प्रशिक्षण : प्रशिक्षकांचे मानधन' अशी एक नोंद होती. त्या यादीत डॉक्टर दोनच, बाकी कोणी कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, कोणी अग्निशमन दलातील अधिकारी, कोणी रसायनतज्ज्ञ; तेव्हा आजाऱ्यांच्या सेवेसाठी दिलेला पैसा रुग्णालयाने या मंडळींवर का खर्चावा, असा त्यांच्या विचारण्याचा रोख होता. प्रश्न रास्त होता. सभेच्या घाईत आमच्याकडून त्याचे उत्तर त्रोटक दिले गेले. ते सविस्तर द्यावे, या हेतूने प्रस्तुत टिपण अहवालात समाविष्ट केले आहे.

आपले रुग्णालय औद्योगिक वसाहतीला लागून आहे. त्यामुळे अपघात विभागात 'हात सापडला' हे दोन शब्द आमच्या कानी वारंवार पडतात. प्रेसमध्ये हात सापडला, रोलरमध्ये हात सापडला, पट्ट्यात बाही सापडून हात आत गेला. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण कामगार संध्याकाळच्या पाळीतून आणला गेला. त्याच्या सोबत्यांनी तुटलेली दोन बोटे शोधून, जेवणाच्या डब्यात बर्फ भरून, त्या बर्फात खुपसून मोठ्या तत्परतेने आणली होती. त्यांच्या मायेत काही उणे नव्हते. परंतु बर्फाचा थेट स्पर्श झाल्याने बोटांतील पेशी गोठून मेल्या होत्या, आणि ती बोटे जोडण्याजोगी उरली नव्हती. तुटलेला अवयव स्वच्छ, किंचित ओलसर गॉजमध्ये गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे, आणि मग ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी, एवढे त्या डबा आणणाऱ्यास ठाऊक असते, तर निदान प्रयत्न करता आला असता. आमच्या प्रशिक्षण वर्गांचा आरंभ त्या डब्यापासून झाला.

पहिले वर्ग आमच्या शल्यचिकित्सकांनीच घेतले. रक्तस्राव कसा थांबवावा, भाजलेल्या जागेवर तूप किंवा टूथपेस्ट न लावता वाहते पाणी कसे सोडावे, आम्ल अंगावर उडाल्यास निदान पंधरावीस मिनिटे पाण्याखाली का उभे राहावे, हे सर्व त्यांनी उत्तम समजावून दिले. मात्र तिसऱ्या की चौथ्या वर्गात मागच्या बाकावरील एका कामगाराने विचारले, "साहेब, गार्ड काढल्याशिवाय अडकलेला पीस बाहेर काढायचा कसा?" शल्यचिकित्सकांनी क्षणभर विचार केला आणि प्रांजळपणे सांगितले, "ते मला ठाऊक नाही. मी प्रेस चालवलेला नाही." त्या प्रश्नाचे उत्तर ज्यास ठाऊक आहे असा मनुष्य आपल्या वर्गात नाही, ही उणीव त्या दिवशी आमच्या ध्यानी आली. अपघात झाल्यानंतर काय करावे हे आम्ही शिकवीत होतो. अपघात होतो कसा, हे आम्हांस बाहेरूनच कळले असते.

त्या उत्तरासाठी आम्ही एका निवृत्त फोरमनकडे गेलो. पॉवर प्रेसवर उमेदीची सारी वर्षे काढलेला हा गृहस्थ शिक्षणाने आयटीआय उत्तीर्ण. पदवी नाही, इंग्रजी भाषणाची सवय नाही. त्यांचा वर्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांस वेगळे सांगणे नको. ते नियमांपासून आरंभ करीतच नाहीत. ते विचारतात, "पाळीत किती पीस निघतात?" मग फळ्यावर हिशेब मांडतात. प्रेसचा रॅम खाली येताना ऑपरेटरचे दोन्ही हात बाहेरच असावेत, म्हणून यंत्राला दोन बटणे असतात; दोन्ही एकदम दाबल्याखेरीज रॅम उतरत नाही. पण मजुरी नगावर असली की यातील एक बटण दोरीने बांधून ठेवण्याचा किंवा त्यात काडी अडकवून दाबून ठेवण्याचा मोह होतो, कारण मोकळ्या राहिलेल्या हाताने पुढचा पत्रा सरकविता येतो. "बटण बांधून पाळीला किती रुपये जास्त मिळतात, ते तुम्हीच सांगा," असे म्हणून ते फळ्यावर तो आकडा लिहितात व त्याच्याकडे पाहत उभे राहतात. तरुणपणी आपणही बटण बांधले होते, आणि पुढे फोरमन झाल्यावर दुसऱ्याने बांधलेले पाहून न पाहिल्यासारखे केले होते, हे ते लपवीत नाहीत. वर्गातील माणसे बोलू लागतात ती येथपासून.

अडकलेल्या पीसचे उत्तरही त्यांनीच दिले. मोटर बंद केल्यावरही जड फ्लायव्हील काही काळ फिरतच राहते व त्याच्या जोरावर रॅम एकदा उतरू शकतो. म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, मग वरच्या व खालच्या डायमध्ये आधाराचा ठोकळा ठेवावा, आणि पीस हाताने नव्हे तर आकड्याने ओढावा. सांगायला एक मिनिट लागते. मात्र त्या एका मिनिटात पंधरावीस नग निघू शकतात, आणि ते मिनिट कामगाराला कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. म्हणून कामगारांच्या वर्गानंतर मालक व सुपरवायझर यांच्यासाठी स्वतंत्र बैठक घ्यावी, असा आग्रह या फोरमन महाशयांनीच धरला. आता तो आमचा शिरस्ता झाला आहे. जे कारखाने या बैठकीस येण्याचे टाळतात, त्यांच्याकडे आम्ही वर्ग घेत नाही.

येथे कायद्याचे थोडे सांगणे आवश्यक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती होऊन एक हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. भोपाळ येथील डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ साली त्याच अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयी प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून नोंदला गेला. पुढे २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार आता पाचशे कामगारांच्या कारखान्यास, आणि प्रक्रिया धोकादायक असल्यास अडीचशे कामगारांच्या कारखान्यास, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. तथापि आमच्या वसाहतीतील बहुसंख्य कारखाने याहून पुष्कळ लहान आहेत. जेथे वीसपंचवीस माणसे काम करतात, तेथे सुरक्षा अधिकारी नसतो, आणि आमच्याकडे येणारे हात बहुधा तेथूनच येतात.

सुरक्षा अधिकाऱ्याने काय शिकलेले असावे, हे महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांनी ठरवून दिले होते. अभियांत्रिकीची पदवी व कारखान्यात देखरेखीच्या पदावर दोन वर्षांचा अनुभव, अथवा अभियांत्रिकीची पदविका किंवा भौतिक वा रसायनशास्त्राची पदवी व पाच वर्षांचा अनुभव. त्याजोडीला औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदवी वा पदविका. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत असा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम अनेक वर्षे चालत आला आहे. या नियमांत आणखी एक अट होती व ती आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. त्या भागातील बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात, तिचे पुरेसे ज्ञान अधिकाऱ्यास असले पाहिजे. हे सर्व मात्र अधिकाऱ्याविषयी झाले. प्रशिक्षक होण्यासाठी कोणतीही एकच ठराविक पदवी नाही, आणि म्हणूनच या क्षेत्रात इतक्या निरनिराळ्या वाटांनी माणसे येतात.

आमच्या मंडळींत एक यंत्र अभियंता आहेत. वर्गाच्या प्रारंभीच ते सांगतात की प्रशिक्षण हा सुरक्षेचा दुबळा उपाय आहे. धोका मुळातून काढावा. ते न जमल्यास कमी धोक्याची वस्तू वा पद्धत घ्यावी. तेही न जमल्यास यंत्राला असे आवरण घालावे की हात आत जाऊच नये. त्यानंतर सूचना, फलक व शिकवणी, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, चष्मा व शिरस्त्राण. प्रशिक्षणासाठी मानधन घेणाऱ्याने प्रशिक्षणालाच खालच्या पायरीवर बसवावे, हे प्रथम आम्हांस चमत्कारिक वाटले. पुढे असे दिसले की मालकांच्या बैठकीत सर्वाधिक उपयोग याच सांगण्याचा होतो, कारण हातमोज्यांच्या खोक्यावर जबाबदारी ढकलून मोकळे होण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

रसायनतज्ज्ञ भगिनी एका रंगद्रव्यांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होत्या. टाकी, विहीर, मैलाकुंड अशा बंदिस्त जागी एक माणूस कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. हे केवळ धाडसाने होत नाही, फसगतीनेही होते, हे त्या दाखवून देतात. हायड्रोजन सल्फाइड या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे अनेकांना माहीत असते. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते व वास येईनासा होतो. आत उतरणाऱ्यास वाटते, वायू निघून गेला. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तेथे श्वसनयंत्राशिवाय उतरू नये, आणि तो किती आहे हे मीटरखेरीज कळत नाही. मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीत ज्वालाग्राही वायू असेल तेथे स्फोटास कारण होऊ शकते.

आता डॉक्टरांविषयी. आमच्या दोन डॉक्टरांपैकी एकांनी कारखान्यात नोकरी केलेली आहे व औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे. एरवी वैद्यकीय शिक्षणात या विषयाला फार थोडी जागा मिळते. इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला पूर्वापार जे प्रश्न विचारले जातात, त्यांत 'तू काम काय करतोस' हा एक प्रश्न वाढवावा, असे त्याने तीनशे वर्षांपूर्वी सुचविले. आमच्या केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना पहिल्यापासून होता, पण त्यात बहुधा 'नोकरी' किंवा 'मजुरी' एवढेच लिहिलेले असे. त्यावरून काय कळणार? फाउंड्रीत वाळूचे साचे फोडणारा आणि त्याच फाउंड्रीच्या फाटकावर पहारा करणारा, दोघेही नोकरीच करतात. पहिल्याच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे जात असते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला औषध नाही, काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो, आणि क्षयाची शक्यताही तो वाढवितो. खोकला, धाप आणि एक्स-रेतील ठिपके पाहून अशा माणसास केवळ क्षयाचीच औषधे पुन्हा पुन्हा दिली जाण्याची चूक होऊ शकते. या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आता त्या रकान्यात नेमके काम व किती वर्षे, असे दोन्ही लिहिले जाते. रुग्णांच्या नातेवाइकांना ही चौकशी कधी कधी अनावश्यक वाटते. ती का केली जाते, ते यावरून ध्यानी यावे.

या डॉक्टरांच्या वर्गात एक अडचणही आढळली. फुप्फुसांची चित्रे पाहून माणसे घाबरत, आणि घाबरलेला कामगार तपासणीस येण्याऐवजी ती टाळू लागे, कारण दोष निघाल्यास नोकरी जाईल अशी त्यास धास्ती. आता चित्रे कमी केली आहेत, आणि पाण्याचा फवारा व धूळ ओढून घेणारा पंखा यांचे प्रात्यक्षिक अभियंत्यांसमवेत दाखविले जाते.

रुग्णालय हेही कामाचेच ठिकाण आहे, याचा विसर आम्हांलाही पडला होता. वॉर्डबॉय, आया, लाँड्रीतील व सफाईचे कर्मचारी यांचे वर्ग आमच्या एका ज्येष्ठ परिचारिका घेतात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी, हे त्या हात धरून शिकवितात. रुग्णाला एचआयव्हीची लागण असल्यास त्याच्या रक्ताने माखलेली सुई टोचून संसर्ग होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, तर कावीळ 'ब' बाबत लस न घेतलेल्यास ती शेकडा तीसपर्यंत जाऊ शकते. म्हणून लस सर्वांना. आणि टोचल्यावर लपवू नये, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तो काही तासांतच, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. सुई टोचल्याचे लपविले जाते ते बोलणी बसतील या भीतीने. कोण कोणास बोलतो, हे परिचारिकेइतके कोणास ठाऊक असणार? त्यांच्या वर्गास सफाई कर्मचारी वेळेवर येतात. आमच्या डॉक्टर मंडळींची उपस्थिती मात्र अद्याप समाधानकारक नाही, हे या अहवालात नमूद केलेच पाहिजे.

अग्निशमन अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेले आहेत. ते आरंभ करतात १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटापासून. एकाच जहाजात कापूस आणि स्फोटके भरलेली, आणि विझविण्यास गेलेले ६६ जवान परतले नाहीत. त्यांची पहिली आग विझविण्याची कवायत आम्ही रुग्णालयात घेतली तेव्हा त्यांनी सर्वांस जिन्याने तीन मिनिटांत खाली आणले. कवायत यशस्वी झाल्याचे आम्ही समजलो. तेव्हा वर उल्लेखिलेल्या परिचारिकेने विचारले, "व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोण आणणार?" कवायतीत धावले होते ते सर्व धडधाकट कर्मचारी होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षास लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. ज्यांना स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, त्यांच्यासाठी आगीचा विचार वेगळाच करावा लागतो. त्यानंतर या दोघांनी एकत्र बसून कवायत नव्याने आखली. रुग्णास प्रथम खाली नव्हे, तर त्याच मजल्यावर अग्निरोधक दरवाजापलीकडे पलंगासह सरकवायचे. व्हेंटिलेटर काढल्यावर हाताने श्वास देण्याची पिशवी कोणी धरायची, ते पाळीगणिक ठरलेले असायचे. आणि त्या कक्षाचा प्राणवायूचा झडप-खटका कोठे आहे व तो कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे रात्रपाळीच्या परिचारिकेस अंधारातही ठाऊक असायचे. या आखणीतील निम्मे ज्ञान एकाचे, निम्मे दुसरीचे आहे. दोघांपैकी एकटे कोणीही ती करू शकले नसते.

क्ष-किरण विभागासाठी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार आहेतच; त्यांचे काम काटेकोर व ठरलेले असल्याने येथे विस्तार करीत नाही. कायद्याचा वर्ग कारखाने निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ घेतात. अपघाताचा अहवाल कसा लिहावा, आणि 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द त्यात लिहून चौकशी संपवू नये, यावर त्यांचा भर असतो.

अलीकडे आमच्याकडे अर्ज करणाऱ्यांजवळ परदेशी प्रमाणपत्रेही असतात. आखाती देशांत नोकरी करून आलेल्या तरुणांकडे ब्रिटनमधील नेबॉश या संस्थेचे प्रमाणपत्र बहुधा आढळते. त्याचा अभ्यासक्रम चांगला आहे व त्याविषयी आमच्या मनात आदर आहे. अमेरिकेतील ओशाच्या योजनेत बांधकाम क्षेत्राचा प्रशिक्षक होण्यासाठी पाच वर्षांचा त्या क्षेत्रातील सुरक्षेच्या कामाचा अनुभव मागितला जातो. म्हणजे तेथेही कागदाच्या जोडीला काम पाहिले जाते. आम्ही प्रत्येक उमेदवारास कामगारांपुढे अर्ध्या तासाचा एक पाठ घ्यावयास सांगतो, मराठीत किंवा हिंदीत, कारण वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशातून आलेले कामगार पुष्कळ आहेत. पाठ संपल्यावर त्यास किती प्रश्न विचारले गेले, ते आम्ही मोजतो. ज्याला कोणी काहीच विचारले नाही, त्यास सहसा बोलावीत नाही.

आमच्या यादीत एक जागा मात्र रिकामी आहे. धूळ, वाफा व आवाज यांचे मोजमाप करणारा औद्योगिक स्वास्थ्यतज्ज्ञ आमच्याकडे नाही. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलहून अधिक आवाज नसावा हे आम्ही शिकवितो, परंतु एखाद्या शेडमध्ये तो प्रत्यक्षात किती आहे, हे सांगू शकत नाही. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ तर डोळ्यांना दिसतच नाही. ध्वनिमापक व धूळ-नमुने घेण्याचे पंप यांसाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद प्रस्तावित केली असून ती विश्वस्त मंडळापुढे आहे. उपकरणे आली तरी ती हाताळणारा अनुभवी मनुष्य हवा. आपल्या परिचयात या क्षेत्रातून निवृत्त झालेले कोणी असल्यास कृपया रुग्णालयाच्या कार्यालयात कळवावे. प्रथमोपचाराचे वर्ग रुग्णांच्या नातेवाइकांसही खुले असून नावनोंदणी चौकशी खिडकीवर करता येते.